‘लाखोंची गर्दी’ लिहायला शाई तेवढीच लागते
वाचकांचे प्रश्न : चित्रपटाची पटकथा

माझी एकांकिका कालिदास कलामंदिरात स्पर्धेत झाली, बरी गाजली. आता तिची पटकथा केली आहे. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘हे नाटकच वाटतंय.’ मी स्थळं वाढवली, गोदाघाट घातला, तरी तेच. सोबत एक उतारा पाठवतो : “आई, बाबांना जाऊन सहा महिने झाले आणि मी अजून नोकरीसाठी वणवण करतोय. त्यात काकांना आपलं भांड्यांचं दुकान विकायचंय!”
– भद्रकालीतून एक वाचक

घाट घालून नाटक जात नाही. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला नटाचे डोळे दिसत नाहीत, म्हणून मनातलं तोंडातून यावं लागतं. पडद्यावर पापणी हलली तरी दिसते. तुमच्या या दोन वाक्यांत चार बातम्या आहेत : वडील गेले, सहा महिने झाले, नोकरी नाही, दुकान जाणार. आणि ज्या आईला हे सगळं आधीच ठाऊक आहे, तिलाच मुलगा ते सांगतोय. खटकतं ते इथे.

याच बातम्या अशा देता येतील :

सीन १२. आत. तांबट लेनमधलं घर, स्वयंपाकघर. रात्र.
चार्जरला लावलेला बटणांचा जुना मोबाइल वाजतो. आई (५५) कणकेचा हात पदराला पुसून तो उचलते.
आई : (फोनवर) नाही, ते बाहेर गेलेत. सांगते त्यांना.
दारात मंदार (२४). एका हातात प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात चपला.
मंदार : कोण होतं?
आई : गिऱ्हाईक. बंबाची तोटी गळतेय म्हणे.
मंदार : पुन्हा रिचार्ज मारलंस त्याला?
आई : (कणीक मळत) तुझे काका येऊन गेले. दुकानाची किल्ली मागत होते.

चाळीस सेकंदांचा सीन. वडील गेलेत हे कुणी बोललं नाही, पण प्रेक्षकाला कळलं. आणि ते त्याने स्वतः ताडलं, म्हणून लक्षातही राहील. ‘सहा महिने’ गळले, ते बहुतेकदा लागतच नाहीत. हवेच असतील तर मंदारला म्हणू द्या, “चौऱ्याऐंशी दिवसांचं दुसरं रिचार्ज हे.” हिशेब प्रेक्षक करतो. सामानाच्या यादीत एक मोबाइल, एक चार्जर, एक फाइल आणि कणीक. नटीला हाताला काम मिळालं आणि ‘ते बाहेर गेलेत’ म्हणताना खोटं बोलण्याची संधीही.

आता संपूर्ण संहितेवर हेच करा. रंगीत पेन घ्या आणि ऐकणाऱ्या पात्राला आधीच माहीत असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. एकांकिकेवरून केलेल्या पटकथेत असली वाक्यं ढिगाने निघतात. प्रत्येकासाठी आधी वस्तू शोधा, मग हालचाल, मग दुसऱ्या कुणाची तरी प्रतिक्रिया. तिन्ही सापडलं नाही तरच संवाद ठेवा.

पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट, असं सगळीकडे वाचलं. माझी २१० पानं झालीत, मराठीत. मग चित्रपट साडेतीन तासांचा होणार का? निर्माते म्हणाले, कमी करा; किती, ते सांगत नाहीत.
– सिन्नरहून एक वाचक

तो ठोकताळा अमेरिकी पद्धतीच्या पानाचा आहे : कुरिअर नावाचा टंक, आकार १२, समास ठरलेले, संवाद मधल्या अरुंद पट्ट्यात. तुमचा टंक देवनागरी, आकार बहुधा १४ किंवा १६, ओळींत अंतर जास्त. तो ठोकताळा इथे लागू होत नाही, तेव्हा तुमच्या पानाचं माप तुम्हीच काढा. दहा पानं निवडा : चार संवादांची, तीन नुसत्या हालचालीची, तीन मिश्र. घड्याळ लावून संवाद अभिनयासह मोठ्याने म्हणा आणि हालचालीला जेवढा वेळ खरंच लागेल तेवढं थांबा. ‘तो जिना चढून वर येतो’ हे वाचायला दोन सेकंद लागतात, चढायला बारा. समजा दहा पानांना साडेसात मिनिटं लागली, तर २१० पानांना १५७. म्हणजे दोन तास ३७ मिनिटं. चित्रपट दोन तास सात मिनिटांत बसवायचा असेल तर अर्धा तास, म्हणजे तुमची चाळीस पानं जायला हवीत. ‘किती’चं उत्तर हे.

कापायला सीनच्या दोन्ही टोकांपासून सुरुवात करा. दार उघडणं, ‘ये, बस, चहा घेणार?’, शेवटी ‘चल, निघतो’. साठ-सत्तर सीनमध्ये प्रत्येकी चार ओळी गेल्या तरी दहा-बारा पानं हलकी होतात आणि गोष्टीचं काही बिघडत नाही. त्यानंतर एकच माहिती दोनदा सांगणारे सीन पाहा : आधी घटना दाखवली आणि मग नायकाने ती मित्राला फोनवर सांगितली. फोन काढा.

पानांचा हिशेब निर्मात्यासाठी वेगळ्या कारणाने महत्त्वाचा असतो. शेड्यूल लावताना प्रत्येक सीन पानाच्या आठव्या भागांत मोजतात. तीन अष्टमांश, एक पूर्ण दोन अष्टमांश, असा. ११२ पानांची पटकथा २८ दिवसांत उरकायची तर रोज चार पानं. तुमच्या सीनला लोकेशन बदलून जावं लागत असेल तर दोन तास गाड्या भरण्या-उतरवण्यात जातात आणि चार पानांची तीन होतात. एकाच वाड्यातले सीन एकत्र घेता येतील असं लिहिलंत, तर निर्माता तुमची पटकथा जास्त आपुलकीने वाचतो, हे खात्रीने सांगतो.

जाता जाता : जुन्या बिगर-युनिकोड टंकात लिहिलं असेल तर समोरच्याच्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच लिहा, पीडीएफ करा आणि ती मोबाइलवर उघडून जोडाक्षरं तपासा. ‘द्ध’ आणि ‘क्त’ आधी फुटतात.

गोष्ट द्राक्षबागेतली आहे. गारपिटीत बाग जाते, पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. एका वर्षाचा काळ कसा लिहावा?
– निफाडहून एक वाचक

तुम्हाला ठाऊक आहे ते मुंबईच्या दिग्दर्शकाला ठाऊक नसेल, म्हणून सीनच्या मथळ्यात ‘दिवस’ एवढंच न लिहिता बागेची अवस्था लिहा : ‘बाग, खरड छाटणीनंतर, एप्रिल’, ‘बाग, गोडी छाटणीनंतर बारावा दिवस, फुटवे’, ‘बाग, माल तयार, फेब्रुवारी’. नाही तर छाटणीचे सीन घडाने लगडलेल्या वेलीखाली चित्रित होतील आणि नाशिक जिल्ह्यात चित्रपटगृहात हशा पिकेल.

निर्मात्याला वर्षभर थांबवू नका. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत चार-पाच महिन्यांत बागेची जवळपास सगळी रूपं मिळतात. आठ दिवस ऑक्टोबरात आणि बाकीचं फेब्रुवारीत, अशी दोन शेड्यूल पुरतील अशा बेताने सीन वाटा. मधल्या काळात नटाची दाढी-केस बदलणार, तेही लिहूनच सोडवा.

गारपीट बाहेरून लिहिलीत तर खर्च आणि धोका दोन्ही. घरातून लिहा : रात्र, पत्र्यावर आधी एक-दोन, मग कान बधिर करणारा तडतडाट, वीज गेलेली, माणसं नुसती बसलेली. सकाळचा सीन बागेत. फाटलेली पानं आणि मातीत पडलेले मणी काढणी उरकलेल्या बागेत मांडता येतात, कुणाचा उभा माल लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. फवारणीचा ब्लोअर चालू असताना संवाद लिहू नका. लोकेशनवर ध्वनी घेत असतील तर त्यातला एक शब्द वापरता येणार नाही आणि डबिंग करावं लागेल. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे अंकुर फुटतात त्या जागी, पेस्ट लावलेली असते. तिच्यातलं हायड्रोजन सायनामाइड त्वचेला घातक आहे. नायक उघड्या हाताने काडी कुरवाळतो, असं भावपूर्ण काही त्या दिवसांत नको.

माझा चित्रपट रामकुंडावर सुरू होतो. सिंहस्थाची लाखोंची गर्दी, त्यात दोन भावांची ताटातूट. निर्माते म्हणाले, एवढ्यात आमचं बजेट संपलं. पटकथा सोबत पाठवतो.
– पंचवटीतून एक वाचक

‘लाखोंची गर्दी’ लिहायला शाई तेवढीच लागते, पण प्रोडक्शन मॅनेजर त्या दोन शब्दांखाली रेघ मारतो आणि पुढे आकडा लिहितो. सीन तोडून पाहा. गर्दी खरोखर दिसायला हवी असे शॉट किती? बहुतेक दोन. ते २०२७ च्या पर्वकाळात परवानगी काढून छोट्या युनिटने, संवादाशिवाय घेता येतील. मुलांचे कपडे लांबून ओळखू येतील अशा रंगाचे लिहा. तेच कपडे पुढच्या शूटिंगला लागतील. ताटातूट मात्र गुडघ्यांच्या उंचीवर लिहा : लहान मुलाला गर्दी म्हणजे पायच दिसतात. तिथे तीस ज्युनियर आर्टिस्ट पुरतात. मग हरवले-सापडले कक्षाचा कर्णा, त्यावर चुकीचं उच्चारलेलं मुलाचं नाव. गर्दीचं निम्मं काम आवाज करतो. पटकथेतही ‘गर्दी (३०), बाकी ध्वनीतून’ असंच लिहा.

तुमच्या दुसऱ्या पानावर ‘पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेलं’ आहे. ते पावसाळ्यात, गंगापूर धरणातून विसर्ग सुटला तरच, आणि तेव्हा घाटावर शूटिंगला कुणी उभं करणार नाही. पूर गोष्टीला अटळ नसेल तर काढा. असेल तर पात्रांना पुलावर ठेवा आणि पाण्याचे शॉट वेगळे घ्यायची सोय ठेवा. ड्रोनही जपून लिहा. देवळालीचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र, नाशिकरोडची नोट प्रेस, ओझरचा विमानतळ; नाशिकच्या आकाशात मनाई आणि परवानगीचे पट्टे बरेच. पोळ्याचा सीन दिसला म्हणून सांगतो : बैल चित्रपटात वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. निर्मात्याला ते शूटिंगच्या आठवड्यात कळलं तर सीन जातो.

कॅमेरा अँगल पटकथेत लिहायचे का?
– नाशिकरोडहून एक वाचक

नाही. ‘क्लोजअप : किल्ली’ ऐवजी ‘किल्लीवर जुन्या दुकानाचं नाव कोरलंय’ असं लिहा. नाव वाचायचं तर कॅमेरा जवळ जाणारच, आणि दिग्दर्शकाला कुणी शिकवल्यासारखंही वाटत नाही.

मुंबईत निर्मात्यांनी नॅरेशनला, म्हणजे गोष्ट ऐकवायला, बोलावलंय. पटकथा वाचून दाखवायची का? त्यांनी ऐकून गोष्ट चोरली तर? आणि मुंबईला राहायला जावं का?
– इंदिरानगरहून एक वाचक

वाचून दाखवू नका, सांगा. तीन लांबीच्या आवृत्त्या पाठ ठेवा : दोन मिनिटांची, पंधरा मिनिटांची, दीड तासाची. पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे उठून जाल, ते ‘एक तास आहे’ म्हणतील आणि वीस मिनिटांनी फोन येईल. पंधरा मिनिटांच्या आवृत्तीत शेवट सांगायचा. ‘पुढे काय ते पडद्यावर बघा’ हे प्रेक्षकासाठी असतं, पैसे घालणाऱ्याला शेवट हवाच असतो. पात्रं पाचाहून जास्त असतील तर नावांऐवजी नात्याने बोला. ऐकणाऱ्याच्या डोक्यात थोरला, धाकटा, मामी टिकतात. मध्यंतराला क्षणभर थांबा. समोरचा पाण्याचा ग्लास उचलतो की ‘पुढे?’ म्हणतो, ते पाहून ठेवा.

आता चोरी. आपल्याकडे कल्पनेला कॉपीराइट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला : प्रसंगांचा क्रम, पात्रं, संवाद. म्हणून ‘दोन भाऊ कुंभमेळ्यात हरवतात’ एवढ्याचं रक्षण होणार नाही; ऐंशी पानांत ते तुम्ही कसं घडवलंत त्याचं होईल. नॅरेशनला जाण्यापूर्वी निदान सविस्तर ट्रीटमेंट (प्रसंगवार लिहिलेली गोष्ट) तरी लिहून नोंदवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की तिथे ऑनलाइन नोंदणी होते. ती तारखेचा पुरावा देते आणि वाद झाल्यास त्यांची समितीही आहे. दुसरा मार्ग सरकारी कॉपीराइट कार्यालयाचा. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. कॉपीराइट मात्र लिहिल्या क्षणीच तुमचा असतो, नोंदणीने तो सिद्ध करणं सोपं जातं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवण्याचा सल्ला अजून फिरतोय. त्यावर विसंबू नका.

नॅरेशन झाल्यावर त्याच रात्री एक ईमेल पाठवा : ‘आज अमुक वाजता आपल्या कार्यालयात या नावाची गोष्ट ऐकवली, सारांश सोबत जोडला आहे.’ सौजन्य म्हणून वाचला जातो, पुरावा म्हणून राहतो. गोपनीयतेच्या करारावर सही मागितलीत तर नवोदिताला बहुतेक ठिकाणी दारातूनच नमस्कार मिळेल.

फाळके पहिला चित्रपट मुंबईत करून १९१३ सालीच नाशिकला आले, तेव्हा ‘मुंबईला राहायला जावं का’ हा तुमचा तिसरा प्रश्न इथे तरी विचारू नका. पहिला ड्राफ्ट विकला जाईपर्यंत भाडं वाचवा.

कथा, पटकथा, संवाद तिन्ही माझं. निर्माते पन्नास हजार म्हणतात. अकरा हजार आता, बाकी प्रदर्शनानंतर. करार एका पानाचा : ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी.’ सही करू का?
– सिडकोतून एक वाचक

या पानावर नको. आकड्यापेक्षा ‘प्रदर्शनानंतर’ हा शब्द वाईट आहे. चित्रपट पूर्ण होऊन डब्यात पडून राहणं मराठीत नवं नाही; तसं झालं तर तुमचे एकोणचाळीस हजार कधीच देय होणार नाहीत. हप्ते तुमच्या कामाला बांधा : सहीला १२ हजार, पहिला ड्राफ्ट दिल्यावर १५, अंतिम ड्राफ्टला १३, शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी १०. बेरीज तीच, निर्मात्यालाही नाही म्हणायला जड जातं. व्यावसायिक मोबदल्यावर दहा टक्के टीडीएस कापला गेला तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तपासा. कापला आणि भरलाच नाही, असंही होतं.

ड्राफ्ट किती, ते लिहून घ्या. दोन ड्राफ्ट आणि एक किरकोळ सुधारणा एवढं या पैशात. पुढच्या प्रत्येक ड्राफ्टला वेगळी रक्कम. हे कलम नसलं की नवव्या ड्राफ्टला निर्मात्याचा मेहुणा सूचना देतो आणि तुम्ही त्या फुकट लिहिता.

हक्कांचं. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचंच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतरण संपतं, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘वापर न केल्यास हक्क परत जाणार नाहीत’ ही वाक्यं नेमकी या सोयी काढून घ्यायला घातलेली असतात. तुम्ही असं मागा : ‘३६ महिन्यांत मुख्य चित्रीकरण सुरू न झाल्यास सर्व हक्क लेखकाकडे परत, घेतलेले पैसे परत करणे नाही.’ शेवटचे पाच शब्द विसरू नका.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा सही करूनही सोडता येत नाही. ‘रॉयल्टीवर दावा करणार नाही’ असं कलम दिसलं तर ते काढायला सांगा. वसुली अवघड असते हे खरं, म्हणून आधीच लिहून देऊ नये. चित्रपट, ओटीटी, दूरचित्रवाणी यांना ‘हो’ म्हणा. पुढचा भाग, दुसऱ्या भाषेतला रिमेक आणि मालिका यांचे पैसे वेगळे ठरवा.

श्रेयनामावली : ‘कथा-पटकथा-संवाद’ अशी पूर्ण ओळ, स्वतंत्र पाटीवर, पोस्टरवर आणि ट्रेलरलाही. दुसरा लेखक आणला तर नाव कसं जाईल, तेही आत्ताच लिहा. नुसतं ‘योग्य श्रेय दिले जाईल’ असेल, तर योग्य काय ते त्यांनी ठरवायचं. सहीपूर्वी वकिलाला दाखवा. मसुदा वाचायची फी एका हप्त्यातून सहज सुटते.

नायिका कुसुमाग्रजांची एक पूर्ण कविता म्हणते. नाशिकचेच कवी, सगळ्यांना पाठ. परवानगी लागते का?
– गंगापूर रोडवरून एक वाचक

लागते. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो. कुसुमाग्रज, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकर, १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी शूटिंगआधी घ्या. मिळेपर्यंत पटकथेत त्या सीनला पर्याय लिहून ठेवा, कारण परवानगी अडली तर शूट केलेला सीन कापणं हाच उपाय उरतो.

आजीचं पात्र अहिराणी बोलतं. पुण्याच्या प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून सगळं प्रमाण मराठीत करा, असा सल्ला मिळाला. काय करू?
– सटाण्याहून एक वाचक

आजीला अहिराणीच बोलू द्या. अर्थ समोरच्याच्या उत्तरातून येऊ द्या :

आजी : कथा चालना?
नातू : मनमाडला. उशीर होईल, जेवून घे.

प्रश्न काय होता ते कुणालाही कळलं. आजीची मोठी भाषणं असतील तिथे वाक्य तोडून मध्ये नातवाची प्रतिक्रिया घाला. लहेजा विनोदासाठी वापरू नका. तिच्या तोंडी गंभीर गोष्टीही याच बोलीत यायला हव्यात. धुळ्याकडची आणि बागलाणातली बोली सारखी नाही, तेव्हा संवाद तुमच्याच तालुक्यातल्या साठीपुढच्या बाईकडून तपासून घ्या. प्रत्येक संवादाखाली कंसात प्रमाण मराठी अर्थ द्या, नटीला तो लागतो. त्याच बाईंच्या आवाजात सगळे संवाद दोनदा रेकॉर्ड करा, एकदा सावकाश, एकदा त्यांच्या नेहमीच्या वेगात, आणि पटकथेबरोबर पाठवा. नटी निवडण्याआधी पाठवलंत तर अधिक चांगलं.